खांद्याला पेलेल तेवढेच

बंदुकीच्या दुकानात विचारला जाणारा एक प्रश्न नीतिविचारासाठी निवडावा, हे वाचकांना काहीसे विचित्र वाटेल. प्रश्न असा आहे: बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला हरणाच्या शिकारीसाठी पहिली रायफल द्यावयाची झाली, तर ती कोणत्या कॅलिबरची द्यावी? म्हणजे तिच्या नळीचा व्यास किती असावा, काडतुसात दारू किती असावी, आणि बार उडाल्यावर त्या कोवळ्या खांद्याला बसणारा धक्का किती असावा? दुकानदाराजवळ याचे उत्तर तयार असते. परंतु या उत्तरात तीन जिवांचा संबंध येतो: ते मूल, त्याच्या हाती शस्त्र देणारा वडीलधारा, आणि ज्याला कोणी काही विचारत नाही असे ते हरीण. जेथे एकाच्या निर्णयाचे दुःख दुसऱ्याला भोगावे लागते, तेथे नीतीचा प्रश्न आपोआपच उभा राहतो.

आपल्याकडे हा प्रसंग सहसा येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने ती जवळजवळ पूर्णपणे बंद केली. तथापि आपली कित्येक कुटुंबे आज अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. तेथील ग्रामीण भागात नोव्हेंबर महिना उजाडला की वर्गातील मुले वडिलांबरोबर रानात जातात, आणि मग एखाद्या दिवशी आपलाही नातू घरी येऊन विचारतो, “मीही जाऊ का?” इकडे दूरध्वनीवर ही वार्ता ऐकणाऱ्या आजीच्या पोटात गोळा येतो. “हे पाप आहे” असे म्हणून विषय संपवता येतो, किंवा “तिकडची रीतच तशी” असे म्हणून तो टाळताही येतो. ही दोन्ही उत्तरे सोपी आहेत आणि म्हणूनच अपुरी आहेत.

प्रथम तेथील परिस्थिती समजून घेऊ. पेनसिल्व्हेनिया राज्याचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत तेथील लांडगे नामशेष झाले. पांढऱ्या शेपटीच्या हरणांना आवर घालणारा मोठा नैसर्गिक शत्रू उरला नाही. हरणे वाढली की रानातील कोवळी रोपे फस्त होतात आणि जंगलाची नवी पिढी उभीच राहत नाही. मक्याची शेते उद्ध्वस्त होतात. रात्रीच्या वेळी रस्त्यांवर मोटारींना धडकून हरणेही मरतात आणि कधीकधी माणसेही. म्हणून सरकार दर वर्षी परवाने देते, हंगाम ठरवून देते, आणि अलीकडच्या काही हंगामांत तेथे चार लाखांहून अधिक हरणांची शिकार झाली आहे. मांस घरोघरी शिजते, काही गोरगरिबांच्या अन्नछत्रांतही पोहोचते. बाराव्या वर्षापासून मुलाला स्वतःचा परवाना मिळू शकतो, आणि त्याहून लहान मुलांसाठी २००६ पासून प्रौढ मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली शिकण्याची योजना आहे. परवान्यापूर्वी सुरक्षिततेचे शिक्षण सक्तीचे करण्याची प्रथा अमेरिकेत १९४९ साली न्यूयॉर्क राज्याने सुरू केली. बंदुका आणि काडतुसे यांवर १९३७ च्या कायद्यानुसार जो कर बसतो, त्याचा पैसा वन्यजीवांच्या संवर्धनासाठीच खर्च होतो.

चर्चची शिकवण या बाबतीत संयमी आहे. अन्नासाठी प्राण्याचा वध करणे ती निषिद्ध मानत नाही. परंतु १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षण ग्रंथात असेही स्पष्ट म्हटले आहे की, प्राण्यांना विनाकारण वेदना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही. या दोन विधानांच्या मधोमध आपला प्रश्न येऊन उभा राहतो. शिकार करावयाचीच असेल तर ती विनाकारण वेदना न देता झाली पाहिजे. मग शिकारी जर तेरा वर्षांचा असेल, तर ही जबाबदारी कोण आणि कशी पार पाडणार?

येथे थोडे पदार्थविज्ञान आवश्यक आहे. क्रियेला तितकीच प्रतिक्रिया असते, हा न्यूटनचा नियम आपण शाळेत घोकलेला आहे. गोळी आणि जळत्या दारूचा वायू जेवढ्या जोराने पुढे झेपावतो, त्याच हिशेबाने बंदूक मागे येऊन खांद्यावर आदळते. गोळी जितकी जड, दारू जितकी जास्त आणि बंदूक जितकी हलकी, तितका धक्का मोठा. या धक्क्याची ऊर्जा फूट-पाउंडात मोजतात. एक पाउंड वजन एक फूट उचलण्यास लागणारी ऊर्जा म्हणजे एक फूट-पाउंड. साडेतीन किलोच्या आसपास वजन असलेल्या रायफलीतून १९०६ सालापासून प्रचारात असलेले .३०-०६ स्प्रिंगफील्ड हे काडतूस झाडले, तर धक्का सुमारे वीस फूट-पाउंडांचा बसतो. १९५५ साली आलेल्या .२४३ विंचेस्टरचा धक्का तशाच रायफलीत नऊ-दहाच्या घरात असतो, म्हणजे जवळजवळ निम्मा. १९८० च्या ७ एमएम-०८ रेमिंग्टनचा आणि २००७ च्या ६.५ क्रीडमूरचा बारा-तेराच्या आसपास. .२२३ रेमिंग्टनचा तर जेमतेम तीन-चार. कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे याने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, ते .२२ च्या इवल्याशा काडतुसावर. त्याचा धक्का नवशिक्यालाही जाणवत नाही म्हटले तरी चालेल.

वीस फूट-पाउंडांचा धक्का धडधाकट प्रौढ माणूस सहन करतो. पस्तीस-चाळीस किलो वजनाच्या मुलाला मात्र तो एखाद्याने जोरात ढकलल्यासारखा वाटतो. खांदा दुखतो, कानठळ्या बसतात, क्वचित दुर्बीण भुवईवर आपटते. वेदना तासाभरात ओसरते. भीती मात्र मागे राहते. पुढच्या वेळी चाप ओढण्याच्या क्षणी मूल आधीच डोळे मिटते, खांदा आक्रसून घेते, चाप हिसकते. नेमबाज याला फ्लिंच म्हणतात. आपण त्याला दचक म्हणू. ही दचक मुलाच्या इच्छेने येत नाही आणि त्याच्या इच्छेने जातही नाही. शरीराने ती स्वतःच्या बचावासाठी शिकून घेतलेली असते, आणि एकदा अंगात मुरली की काढून टाकण्यास महिनेच्या महिने लागतात.

आता या दचकेचा भार कोणावर पडतो ते पाहा. हरणाचे हृदय आणि फुप्फुसे जेथे असतात, तो भाग साधारणपणे जेवणाच्या ताटलीएवढा असतो. गोळी तेथे लागली तर प्राणी काही क्षणांत कोसळतो. चाप हिसकल्यामुळे ती वीतभर मागे गेली तर पोटात शिरते आणि मरण येण्यास कित्येक तास लागतात. खाली गेली तर पाय मोडतो आणि तो जीव झाडीत दिसेनासा होऊन दिवसच्या दिवस तडफडतो. मुलाच्या खांद्याला झालेली इजा लहान. त्या इजेच्या भीतीने हरणाला झालेली इजा भयंकर. आणि त्या संध्याकाळी रक्ताचा माग काढत, तो हरवल्यावर रिकाम्या हाताने परतणाऱ्या मुलाच्या मनावर जे ओझे पडते, ते कोणत्याही मोजमापात बसत नाही.

असे असूनही कित्येक घरांत मुलाच्या हाती पहिल्यांदा पडते ती आजोबांची .३०-०६. त्यामागे परंपरेचा अभिमान असतो, थोडी काटकसर असते, आणि थोडी बापाची प्रौढीही असते. पहिल्या बाराला मूल मागे कोलमडले की मोठी माणसे हसतात. “आता झाला खरा गडी” असे म्हणतात. मूल डोळ्यांतले पाणी गिळून हसते. या हसण्यात मला एक अन्याय दिसतो. ज्याला नाही म्हणण्याचे धैर्य अजून आलेले नाही, त्याच्याकडून आपण होकार वदवून घेत असतो.

मोठ्या काडतुसाच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो, आणि तो वरकरणी दयाळूपणाचा आहे. मुलाचा नेम कच्चा असतो. गोळी थोडी इकडेतिकडे लागली तरी मोठे काडतूस ती चूक सांभाळून घेते. तेव्हा मोठेच बरे, असा तो युक्तिवाद. अनुभव याच्या उलट सांगतो. पोटात शिरलेली मोठी गोळीही पोटातच शिरलेली असते. ज्या कच्च्या नेमाची भरपाई करण्यासाठी मोठे काडतूस निवडले, तो नेम त्या काडतुसाच्या धक्क्यानेच अधिक कच्चा होतो.

शिकारीच्या इतिहासातील एक नाव आपल्या वाचकांना चांगले ठाऊक आहे. जिम कॉर्बेट यांनी चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्यावर १९०७ साली त्यांना .२७५ रिग्बी ही रायफल भेट मिळाली. १९२६ मध्ये रुद्रप्रयागच्या बिबट्याचा शेवट त्यांनी याच रायफलीने केला. .२७५ रिग्बी म्हणजे दुसऱ्या नावाने आलेले १८९२ चे ७ एमएम मॉसर काडतूस. त्या काळच्या मोठ्या बंदुकांच्या तुलनेत ते सौम्यच. आफ्रिकेत स्कॉटिश शिकारी डब्ल्यू. डी. एम. बेल याने याच काडतुसाने शेकडो हत्ती मारले. हस्तिदंतासाठी झालेल्या त्या संहाराचे समर्थन कोणी करणार नाही, आणि हत्तीसमोर हलकी रायफल घेऊन उभे राहण्याचा सल्लाही कोणी देणार नाही. परंतु बेलने हत्तीच्या कवटीची रचना बारकाईने अभ्यासली होती, आणि गोळीच्या आकारापेक्षा तिची जागा महत्त्वाची, एवढे त्याच्या उदाहरणावरून निश्चित दिसते.

याचा अर्थ धक्का जितका कमी तितके पुण्य अधिक, असा मात्र नव्हे. येथे दुसऱ्या टोकाची चूक संभवते. .२२ च्या काडतुसाने हरीण मारण्यास जाणे म्हणजे त्याला जखमी करण्यासच जाणे होय. .२२३ विषयी जाणत्या शिकाऱ्यांत मतभेद आहेत. योग्य बनावटीची गोळी आणि पक्का नेम असेल तर ते पुरते असे काही म्हणतात, पण त्यात चुकीला जागा फारच थोडी उरते. व्हर्जिनिया राज्याने हरणासाठी किमान .२३ आणि कोलोरॅडोने किमान .२४ कॅलिबरची अट घातली आहे, ती याच कारणाने. मुलाच्या सुखासाठी हरणाला अपुरी गोळी मारणे हा क्रूरपणाच आहे. फक्त तो मायेच्या पोटी आलेला असल्यामुळे चटकन ओळखू येत नाही.

ॲरिस्टॉटलने नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात सद्गुणाची व्याख्या करताना मध्यममार्गाची चर्चा केली आहे. तो म्हणतो की, हा मध्य गणिती नसतो. दहा भाग अन्न फार झाले आणि दोन भाग फार थोडे, म्हणून सहा भाग सर्वांना योग्य असे ठरत नाही. मायलो या विख्यात पैलवानाला ते थोडे पडेल आणि व्यायामाला नुकती सुरुवात करणाऱ्याला जास्त होईल. मध्य शोधावयाचा तो त्या व्यक्तीच्या संदर्भात. याच मायलोविषयी अशी दंतकथा आहे की, तो रोज एक वासरू खांद्यावर उचलून चालत असे, आणि वासराचा बैल झाला तेव्हा तो बैलही त्याला पेलला. त्याने पहिल्याच दिवशी बैल उचलला असता तर कथा तेथेच संपली असती.

आपल्या प्रश्नाला हा विचार तंतोतंत लागू पडतो. हरणाला जलद मृत्यू देण्यास जेवढी शक्ती लागते तेवढी असलीच पाहिजे, आणि त्या मुलाला न दचकता पेलवते त्याहून जास्त असता कामा नये. या दोन मर्यादांच्या दरम्यान जी काडतुसे बसतात, त्यांत .२४३ विंचेस्टर, ६.५ क्रीडमूर आणि ७ एमएम-०८ ही प्रमुख होत. चणीने लहान मुलासाठी .२४३, साडेसहा ग्रॅमच्या आसपासच्या, हरणासाठीच बनवलेल्या गोळीसह. जरा अंगापिंडाने भरलेल्यासाठी बाकीच्या दोहोंपैकी एक. घरात जुनी रायफल असेलच आणि नवी घेणे परवडत नसेल, तर तिच्यासाठी कमी दारूची सौम्य काडतुसेही मिळतात.

परंतु कॅलिबरचा आकडा ठरला म्हणजे कर्तव्य संपले असे नाही. मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रायफली पुष्कळदा फार हलक्या असतात आणि त्यामुळे अधिकच धक्का देतात. मुलाला उचलता येईल एवढी, पण उगाच हलकी नसलेली रायफल पाहावी. दस्ता प्रौढाच्या मापाचा, साडेतेरा-चौदा इंचांचा असेल, तर मुलाचा गाल आणि खांदा योग्य जागी येतच नाहीत. त्याला बारा-साडेबारा इंचांचा दस्ता लागतो, आणि त्याच्या टोकाला जाड रबरी गादी. धक्का कमी करणारे एक साधन नळीच्या तोंडाला बसवता येते, परंतु त्याने आवाज भयंकर वाढतो, आणि मूल धक्क्याइतकेच आवाजालाही दचकते. म्हणून कानांचे संरक्षण प्रत्येक बाराला हवेच. सुरुवात .२२ ने, कागदी लक्ष्यावर, महिनोन् महिने. आणि शिकारीच्या दिवशी अंतर शंभर यार्डांच्या आतले.

संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाची तीन कार्ये सांगितली आहेत: विचारविनिमय करणे, निर्णय घेणे आणि तो अंमलात आणणे. पैकी पहिल्याकडे आपले सर्वाधिक दुर्लक्ष होते. बाप दुकानदाराशी बोलतो, मित्रांशी बोलतो. मुलाशी बोलत नाही. बोलला तरी “दुखतंय का रे?” या प्रश्नाला मुलगा “नाही बाबा” असेच उत्तर देणार. म्हणून जाणते शिक्षक एक साधी युक्ती योजतात. काडतूस ते स्वतः भरतात, आणि मुलाला न सांगता मधूनच निकामी काडतूस घालतात. चाप ओढल्यावर बार उडत नाही, पण नळी झटकन खाली जाते. दचक उघडी पडते. तोंडाने जे कबूल करता येत नाही ते शरीर कबूल करते. त्या वेळी न रागावता, न हसता एक पायरी खाली उतरणे, म्हणजे पुन्हा .२२ कडे वळणे, हा त्या बापाचा विवेक. त्या वर्षीचा हंगाम हुकला तरी हरकत नाही. हंगाम पुढच्या वर्षीही येतो.

आता एका आक्षेपाचा विचार केला पाहिजे. मला तो सर्वांत गंभीर वाटतो. कोणी म्हणेल, “तुम्ही मारणे सुखाचे करीत आहात. जीव घेताना घेणाऱ्याला काहीच लागू नये, अशी व्यवस्था करणे यालाच तुम्ही नीती म्हणता काय? खांद्याला बसणारा तडाखा निदान आठवण तरी देतो की काहीतरी भयंकर घडले.” या म्हणण्यात तथ्य आहे. ज्या हिंसेची झळ करणाऱ्याला लागत नाही ती वाढत जाते, हे आपल्या काळाने पुरेसे पाहिले आहे.

तरीही खांद्याच्या वेदनेतून ही आठवण मिळेल असे मला वाटत नाही. वेदना मुलाचे लक्ष स्वतःकडे वळवते. त्या क्षणी त्याला स्वतःचा खांदा दिसतो, हरीण दिसत नाही. कृतीचे गांभीर्य दुसऱ्या मार्गाने शिकवावे लागते, आणि तो मार्ग बार उडाल्यानंतर सुरू होतो. पडलेल्या प्राण्याजवळ मुलाने स्वतः चालत जावे. अजून ऊब असलेल्या अंगावर हात ठेवावा. पोट साफ करण्याचे काम वडिलांवर न टाकता त्यात हात घालावा, मांस घरी न्यावे, खावे, वाया घालवू नये. जर्मन शिकाऱ्यांत अशी रीत आहे की, मारलेल्या हरणाच्या तोंडात ते हिरवी डहाळी ठेवतात, त्याचा अखेरचा घास म्हणून. शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्यूबर्ट यांचा सण ३ नोव्हेंबरला, ऐन हंगामात येतो. ते शिकारीच्या नादी लागलेले असताना त्यांना हरणाच्या शिंगांमध्ये क्रूस दिसला, अशी आख्यायिका आहे. ज्याच्यावर नेम धरला त्याच्याकडेच मान वर करून पाहावे लागले, हा त्या कथेचा आशय मला महत्त्वाचा वाटतो. धक्क्याने डोळे मिटलेल्या मुलाला ते पाहता येत नाही. सौम्य रायफलीने एवढे तरी साधते की त्याचे डोळे शेवटपर्यंत उघडे राहतात.

आणि डोळे उघडे राहिले तर त्याला आणखी एक स्वातंत्र्य मिळते: चाप न ओढण्याचे. दुर्बिणीतून त्या प्राण्याकडे पाहत असताना एखाद्या मुलाला वाटले की आज नको, किंवा कधीच नको, तर वडिलांनी तो निर्णय तितक्याच आदराने स्वीकारावा. बंदूक हाती देताना हा अधिकारही त्याच्या हाती दिलेला असला पाहिजे. नाहीतर आपण त्याला शिकारी बनवत नाही, आपला हस्तक बनवतो.

तेव्हा फोनवर धास्तावलेल्या त्या आजीने नातवाला काय सांगावे? शिकारीला जाऊ नकोस असे सांगण्याचा तिला अधिकार आहे, आणि तिच्या बोलण्याला वजनही आहे. परंतु घरचे त्याला पाठवणारच असतील, तर तिने आपल्या मुलाला दोन गोष्टी विचाराव्यात. पहिली, “बंदूक त्याच्या खांद्याला पेलते का, की तुझ्या हौसेला?” आणि दुसरी, “नको वाटलं तर तो तुला तसं सांगू शकेल का?” या दोन प्रश्नांची खरी उत्तरे मिळाली की कॅलिबरचा आकडा शोधणे फारसे अवघड नाही.